कोंबड्या आत जाईनात

दिवेलागणीला कोंबडी आपल्या पायांनी खुराड्यात जाते. तिला हाक मारावी लागत नाही की काठी दाखवावी लागत नाही. ज्या घरातली माणसं सांगितल्या वेळेला कधी घरी येत नाहीत, त्या घरातल्या कोंबड्यासुद्धा वेळेवर येतात. म्हणून शिमगा उलटल्यावर मनुबाईच्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जाईनाशा झाल्या, तेव्हा वाडीत ती गोष्ट कुणी हसण्यावारी नेली नाही.

वाडी उंब्रजच्या पलीकडे, उसाच्या रानात. घरटी एक गडी फौजेत, नाहीतर फौजेतून परत आलेला. मनुबाईचे मालक लालासाहेब हवालदार होऊन परत आले होते, आणि गेल्या आषाढात ह्याच खुराड्याला टेकून बसल्या बसल्या गेले होते. आता त्याच खुराड्यात कोंबड्या पाय ठेवीनात म्हटल्यावर माणसांनी दुसरं काय समजायचं?

मनुबाई अंगानं चिपाड आणि तोंडानं फटकळ. लग्न झाल्यापासून तिनं नवरा पाहिला तो सुट्टीपुरता. ते यायचे, दाराशी ट्रंक आदळायची, चार दिवस घरात मटणाचा वास सुटायचा, आणि त्यांच्या घोरण्याची सवय होते न होते तोवर ट्रंक पुन्हा दाराशी. सासू गेली तेव्हा ते तेजपूरला होते. दिग्विजय जन्मला तेव्हा पठाणकोटला. पेन्शनीत आल्यावरही घरी थांबले नाहीत, शिरवळच्या एका कारखान्याच्या गेटवर जाऊन उभे राहिले, कारण बसून खायची सवय नव्हती. शेवटी गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा कुठं घरी आले. मनुबाईला वाटलं, आता तरी हा माणूस आपल्याशी दोन शब्द बोलेल. तो बोलायचा, नाही असं नाही. पण कोंबड्यांशी.

आल्या आल्या त्यांनी मोडक्या बैलगाडीच्या फळ्या काढून परसात खुराडं उभं केलं. खाली दगडाचं जोतं, वर फळ्यांच्या भिंती, आत कोंबड्यांना बसायला बाभळीच्या दांड्या. कोंबड्यांना नावं दिली ती आपल्या पोस्टिंगची. एक जबलपूर, एक पठाणकोट, एक सिकंदराबाद, आणि सगळ्यांत लाडकी ती तेजपूर. कोंबडा अर्थातच मेजर. मनुबाईला ह्या नावांचा भारी राग. ज्या गावांना नवऱ्यानं तिला एकदाही नेलं नाही ती गावं आता तिच्या अंगणात शिटत फिरत होती.

"पठाणकोट, हुश्श! चुलीपाशी आलीस तर तंगडी मोडीन," ती ओरडायची, आणि लालासाहेब मिशीत हसायचे.

कोंबड्यांचं दुखलंखुपलं बघावं ते त्यांनीच. रविवार आला की एकेक कोंबडी मांडीवर उलटी घ्यायची आणि शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला करून उवा-लिखा झाल्यात का ते बघायचं. पायाची खवलं उचकटायला लागली की खोबरेल चोळायचं. पिलांच्या शिटेत रक्त दिसलं की सरळ दवाखाना गाठायचा आणि औषध पाण्यात कालवायचं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंतांचं औषध. एखादी मान पाडून कोपऱ्यात उभी राहिली की तिला वेगळ्या डालग्याखाली झाकायचं, आणि मानमोडीची लस कधी चुकवायची नाही. चुलीतली राख आणि कडुलिंबाचा पाला घालून त्यांनी परसात एक खळगा केला होता. त्यात कोंबड्या दुपारभर लोळायच्या आणि लालासाहेब शेजारी खाट टाकून ते सुख बघत बसायचे. दिवाळीच्या तोंडावर घराला चुना दिला जायचा तेव्हा घराला एक हात आणि खुराड्याला दोन. फटीन् फट चुन्यानं भरायची, दांड्यांची टोकंसुद्धा सोडायची नाहीत. मनुबाई म्हणायची, "मला बी लावा की एक हात, म्हंजी माज्याकडं तरी बघशीला." हे ती चेष्टेत म्हणायची, पण सगळं चेष्टेत नसायचं.

आणि मग तो आषाढातला दिवस. पाऊस उघडला होता, कोंबड्या आत गेल्या होत्या. लालासाहेबांनी खुराड्याची कडी घातली आणि तिथूनच हाक मारली.

"आगं, हिकडं ये जरा. तुला एक सांगायचं हाय."

मनुबाई तव्यावरच्या भाकरीला हात घालत होती. सकाळपासून काहीतरी बिनसलेलं होतं, काय ते नंतर तिला आठवलंही नाही. ती आतूनच म्हणाली, "तुमच्या कोंबड्यास्नीच सांगा की. मला इथं भाकरी हाय तव्यावर."

पुढं काही आवाज आला नाही. रुसले असतील म्हणून तिनं सगळ्या भाकरी उरकल्या, पिठाचा हात धुतला आणि मग बाहेर आली. लालासाहेब खुराड्याला पाठ लावून पाय पसरून बसले होते. तोंड अर्धवट उघडं होतं, बोलायला उघडल्यासारखं. काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

तेव्हापासून मनुबाईच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. लोक दुःखाला आले आणि गेले, दिवस झाले, दिग्विजय आईला शिरवळला चल म्हणून विनवून थकला. ती सगळ्यांना हूं हूं करायची आणि मनातल्या मनात तेच उगाळत बसायची. काय सांगायचं असंल? छातीत दुखतंय, हे? का पोराबद्दल काही? का नुसतंच, आज कोंबडीनं अंडं कुठं घातलं ते? एवढंसं असलं तरी तिला ते हवं होतं. त्या माणसाच्या तोंडचा एक शब्द तिच्या वाटणीचा होता आणि तो तिनं आपल्या हातानं कोंबड्यांना देऊन टाकला होता.

घराला दुःख होतं म्हणून त्या साली दिवाळी झाली नाही. आमच्याकडे रीतच आहे, घरचं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईस्तोवर घराला चुना-रंग लावत नाहीत. भिंती तशाच राहिल्या आणि घराबरोबर खुराडंही तसंच राहिलं. राखेचा खळगा पावसात भरून गेला होता, तो कुणी पुन्हा उकरला नाही. मनुबाई दाणापाणी करायची, पण रविवारची ती उलटी तपासणी तिनं कधी केली नव्हती आणि आता करायचं तिला सुचलं नाही. कोंबड्यांचं आपल्याला काही कळत नाही, ह्याचा तिनं आयुष्यभर तोराच मिरवला होता.

शिमग्यानंतर ऊन तापायला लागलं आणि एका संध्याकाळी त्या सगळ्याजणी खुराड्यापुढे येऊन थबकल्या. माना लांब करून आत बघायच्या, घशातल्या घशात काहीतरी बोलायच्या आणि पाय मागं घ्यायच्या. मेजर एक पाऊल आत गेला आणि अंगावर पाणी पडल्यासारखा उडी मारून बाहेर आला. मग सगळ्या मिळून शेवग्याच्या झाडावर चढून बसल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मनुबाईनं एकदोघींना धरून आत कोंबलं तर त्यांनी आत असा काही कालवा केला की तिला दार उघडावं लागलं.

शेजारचे नाथाजी हे लालासाहेबांचे जोडीदार, एकाच साली भरती झालेले. ते कुंपणापाशी उभे राहून बघत होते.

"वैनी, मानसाला दिसत न्हाई, पर जनावराला दिसतं," ते आवाज खाली आणून म्हणाले. "आत कोन तरी हाय. भगताला इचारूया का?"

"कोन असंल ते माज्या घरचं असंल," मनुबाई म्हणाली. "तुमी नका मधी पडू, भावजी."

त्या दिवशी कोंबड्या झाडावर गेल्यावर ती खुराड्याला पाठ लावून बसली, ते बसले होते तिथंच. उजेड विझत होता. उसाच्या रानातून पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. आणि तिला जाणवलं, मानेखाली, चोळीच्या काठापाशी, कुणीतरी हलकेच बोट टेकवलं. ते बोट सावकाश खाली सरकलं. मग आणखी एक. मग दंडावर.

मनुबाई घाबरली नाही. भीती वाटावी असं त्यात तिला काही दिसलंच नाही. तिला आनंदच झाला. उभ्या जन्मात त्या माणसानं उघड्यावर तिच्या पाठीवरून हात फिरवला नव्हता, आणि आता बघा.

"आलासा व्हय," ती पुटपुटली. "सांगा आता. काय सांगायचं हुतं?"

मग रोजचंच झालं. दिवेलागण झाली की हातातलं काम टाकून ती खुराड्याला टेकायची. बिनदुधाचा चहा, फौजेत लागलेली त्यांची आवड, एका पेल्यात घालून खुराड्याच्या पत्र्यावर ठेवायची. बोटं फिरायची. शब्द काही यायचा नाही, पण येईल असं वाटायचं. अंगावर पुरळ उठायचं, सकाळी खाजवून खाजवून कातडं लाल व्हायचं. ती खोबरेल लावायची आणि कुणाला दाखवायची नाही. खुराड्यात तिनं कुणाला हात घालू दिला नाही, केर काढू दिला नाही, स्वतःही काढला नाही. मेलेल्या माणसाला बसायला जागा लागते, ती कशी हलवायची?

कोंबड्या मात्र उतरत चालल्या. अंडी कमी झाली. लालभडक तुरे आधी गुलाबी झाले, मग फिके. लालासाहेबांच्या माघारी वाढलेल्या, बिननावाच्या एकदोघी झाडावरून मांजरानं नेल्या. त्यातच जबलपूर खुडूक झाली आणि खुराड्याच्या कोपऱ्यात अंड्यांवर बसली. खुडूक कोंबडी अंडी सोडून उठत नाही, तिच्या मागं काहीही लागो. पिलं बाहेर यायच्या आधीच मनुबाईला ती मेलेली सापडली, पंख अंड्यांवर पसरलेले, तुरा तांदळाच्या पिठासारखा पांढरा. अंगावर जखम नाही, ओरखडा नाही. उचलली तर हाताला वजनच लागेना.

"नेली," नाथाजींची बायको म्हणाली.

"त्यांचीच हुती. नेली असंल," मनुबाई म्हणाली. पण रात्री तिला जेवण गेलं नाही. ज्या कोंबडीला हा माणूस हातानं खोबरेल लावायचा तिला तो असा कसा मारेल, हे तिला कळेना. रागावलाय का अजून? तिच्यावरचा राग कोंबडीवर काढतोय का?

दिग्विजयचा फोन आला. कोंबड्या विकून टाक आणि इकडे ये, आम्ही दोघं कामाला जातो, घर मोकळं असतं, तो म्हणाला.

"मी कशी यीऊ?" मनुबाई म्हणाली. "तुजं बाबा हितं हायत न्हवं."

दिग्विजयनं तो विषय तिथंच सोडला. मग त्यानं विचारलं, "आई, तू जेवलीस का?"

बहुतेक त्यानंच कुठूनतरी निरोप लावला असावा, कारण त्याच आठवड्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्यातला श्रेणिक मोटारसायकलवरून दारात हजर झाला. हा सांगलीकडचा जैनाचा मुलगा. कोंबड्यांना लस टोचत गावोगाव फिरायचा आणि आयुष्यात कधी अंडं तोंडात घातलेलं नव्हतं. लालासाहेब त्याला दर वेळी मुद्दाम अंडी द्यायला जायचे आणि तो दर वेळी दोन्ही हात मागं घ्यायचा. तो शेंगा घेऊन जायचा.

"मावशी, कोंबड्यांचं तुरं बगा की," तो म्हणाला. "अंगात रगात न्हाई त्यांच्या. खुराडं उघडू का?"

"नगो."

"लांबनं बघतो. हात लावत न्हाई."

सरकारी माणसाला नाही तरी किती वेळा म्हणायचं? ती बाजूला झाली. श्रेणिकनं उन्हात दार सताड उघडलं, वाकून आत पाहिलं आणि बाभळीची एक दांडी टोकाला धरून जरा वर उचलली. दांडी जिथं फळीवर टेकायची तिथं राखाडी भुकटीचा थर साचलेला होता, मिरपूड सांडल्यासारखा. त्यानं काडीनं तो उकरला. भुकटी हलायला लागली, पळायला लागली. त्यानं काडी फळीवर दाबून ओढली, तर फळीवर रक्ताची रेघ उमटली.

"हे बगा. गोचिडीच्या जातीचं किडं हायत, लय बारीक. दिवसा फटीत लपत्यात, अंधार पडला की भाईर निगून कोंबडीचं रगात पित्यात. कोंबडीला ठाऊक असतं आत काय हाय ते. म्हनून जाईनात. आणि खुडूक बसलेली बिचारी उठत न्हाई, तिला पार शोशून टाकत्यात." मग तो सहज म्हणाला, "मावशी, तुमच्या अंगावर चढत न्हाईत न्हवं? हितं टेकून बसलं की मानसाला बी चावत्यात. अंगावर कोन बोटं फिरीवतंय असं वाटतं."

मनुबाईनं पदर दंडावर ओढून घेतला.

"न्हाई," ती म्हणाली. "मी कशाला बसती हितं?"

त्यानं सगळं समजावून सांगितलं. आतला केर काढून जाळायचा, दांड्या उपसून उकळत्या पाण्यात घालायच्या, औषध फवारायचं, वाळलं की फटीन् फट चुन्यानं बुजवायची, आणि आठवड्यानं पुन्हा तेच करायचं, कारण किड्यांची अंडी मागं राहतात आणि त्यातून नवे निघतात. कोंबड्यांच्या अंगाला वेगळं औषध, आणि काही दिवस अंडी खायची नाहीत.

"घराला दुख हाय. वरीस झालं न्हाई," मनुबाई म्हणाली. "चुना लावत न्हाईत."

श्रेणिकनं डोकं खाजवलं. असल्या गोष्टींत तो कुणाला शहाणपण शिकवायला जात नसे, त्याच्या घरीही चार गोष्टी चालत नसत. "औषध ठिवून जातो," तो म्हणाला. "फवारायचं मात्र तुमी. आमच्या आईला सांगितलंय, नोकरीत किडं मारायचं काम न्हाई म्हनून."

एरवी ह्यावर मनुबाईनं त्याची भरपूर खेचली असती. त्या दिवशी तिनं त्याला शेंगासुद्धा दिल्या नाहीत. तिला त्याचा भयंकर राग आला होता. कालचं पोरगं येतं, काडीनं उकरतं आणि म्हणतं तुमचा नवरा म्हणजे किडे! तिनं बाटली कोनाड्यात सारून दिली आणि दिवेलागणीला रोजच्यासारखी खुराड्याला टेकून बसली.

बोटं आली. पण आता पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. बोट मानेवर टेकलं की मन म्हणायचं हे आले, आणि लगेच डोळ्यांपुढे ती पळणारी भुकटी यायची. ती अंग चोरायची, मग अंग चोरलं म्हणून स्वतःवरच चिडायची. खरंच तेच असतील आणि आपण त्यांना झटकलं तर? एकदा हाक मारली तेव्हा गेलो नाही, आता दारात आले तर किडा म्हणून झाडून टाकायचं? तिला झोप लागेना. अंगणातून जाताना खुराड्याकडे बघवेना, आणि बघितल्याशिवाय राहवेना.

अशात एका संध्याकाळी तेजपूरला झाडावर चढता येईना. सगळ्या वर गेल्या, ती खाली राहिली. दोनदा पंख मारले, दोनदा पडली. मग खुराड्याच्या दाराशी येऊन उभी राहिली, आत पाहिलं आणि तिथंच मातीत बसली. ना आत, ना वर. पापणी खालून वर चढत होती, मान हळूहळू झुकत होती.

मनुबाईनं तिला पदरात घेतलं. छातीच्या हाडावर मांस उरलं नव्हतं. "तेजपूर," तिनं हाक मारली. ह्या नावानं आजवर तिनं फक्त शिव्या घातल्या होत्या. कोंबडीनं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं.

आणि तेव्हाच ती बोटं आली. मनगटावर, मग कोपराकडे. ह्या खेपेला मनुबाई खुराड्याला टेकलेली नव्हती, अंगणाच्या मधोमध उभी होती. उजेड अजून होता. बोटं कोंबडीच्या पिसांतून तिच्या हातावर उतरत होती. तिनं हात डोळ्यांपाशी नेला. लाल ठिपके एकामागून एक चालले होते, भरल्या पोटानं, सावकाश. तिनं अंगठा फिरवला. रक्त निघालं. ते रक्त तेजपूरचं होतं.

बराच वेळ ती हात तसाच धरून उभी राहिली. मग खुराड्यापुढे जाऊन मोठ्यानं म्हणाली, "आवं, तुमी आत असशीला तर आत्ता बोला. म्या भाकऱ्या करत न्हाई, म्या काय बी करत न्हाई. उभी हाय. बोला. न्हाईतर उद्या म्या हे समदं जाळनार."

नाथाजी कुंपणापाशी थिजून उभे राहिले. मनुबाईनं वाट पाहिली. झाडावरच्या कोंबड्या सावरून बसल्या, मोटार बंद पडली, अंधार झाला. कुणी काही बोललं नाही.

सकाळी तिनं पदर खोचला. केर, शिटं, जुनं भुसकट सगळं ओढून बाहेर काढलं आणि पेटवून दिलं. दांड्या उपसल्या, परसातल्या चुलवणावर पाणी उकळून त्यांवर ओतलं. पाचटाची पेटती चूड जोत्याच्या दगडांवरून फिरवली, तसे दगडांच्या सांध्यांतून बारीक तडतड आवाज यायला लागला. तो आवाज ऐकून तिनं एकदाच डोळे मिटले. मग पाठीला पंप अडकवून औषध मारलं. तोंडानं तिची बडबड चालूच होती, कधी किड्यांना शिव्या, कधी नवऱ्याला, कोणाला कुठली ते तिचं तिलाही कळत नसेल. दुपारी ती चुन्याची बादली घेऊन आली तेव्हा नाथाजींना राहवलं नाही.

"वैनी, वरीस तरी हू द्यायचं हुतं."

"भावजी, वरीस हुईस्तवर कोंबडी न्हाई ऱ्हात," ती म्हणाली आणि फटीत कुंचा दाबला.

राखेचा खळगा तिनं पुन्हा उकरला. एकेक कोंबडी मांडीवर उलटी घेतली, जशी लालासाहेबांना घेताना तिनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं होतं, आणि शेपटीखालची पिसं बाजूला करून श्रेणिकनं सांगितलेलं औषध लावलं. तेजपूरला डालग्याखाली वेगळं ठेवून गुळाचं पाणी, शेवग्याचा चिरलेला पाला आणि दवाखान्यातलं टॉनिक चालू केलं. आठवड्यानं सगळं पुन्हा एकदा केलं. ही दुसरी खेप तिला जास्त जड गेली. पहिल्यांदा रागाच्या भरात हात चालला होता, आता शांतपणे चालवायचा होता.

कोंबड्यांच्या तुऱ्यांवर हळूहळू रंग आला. तरी काही दिवस त्या झाडावरच जात राहिल्या, आणि मनुबाई खालून बघत राहायची. खरं सांगायचं तर तिला त्याचं बरंच वाटायचं. झाडावर जातायत म्हणजे अजून आत कुणीतरी असेल. मनाचा हा एवढासा कोपरा तिनं चुना न लावता तसाच ठेवला होता.

मग वळवाची एक सर येऊन गेली. संध्याकाळी हवा निवली होती. सिकंदराबाद खुराड्याच्या दाराशी आली, मान आत घालून तिनं पाहिलं आणि चालत आत गेली. तिच्या मागं पठाणकोट. मेजर उगाचच पंख फडफडवून आपणच हुकूम दिल्यासारखा आत शिरला. शेवटी डालग्यातून सोडलेली तेजपूर. ती उंबऱ्यावर जराशी थांबली, आणि इतर कुठलीही कोंबडी कुठल्याही खुराड्यात जाते तशी आत गेली. दांडीवर थोडी ढकलाढकली झाली. मग सगळं शांत झालं.

मनुबाईनं कडी घातली. खाली बसून तिनं फळ्यांना पाठ लावली. नव्या चुन्याचा वास येत होता. तिनं मान मोकळी केली, पदर खांद्यावरून सरकू दिला आणि वाट पाहिली. काही आलं नाही. मानेवर नाही, दंडावर नाही. पाठीमागं कोंबड्या झोपल्या होत्या आणि त्यांच्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. तो माणूस त्या आषाढातल्या संध्याकाळीच गेला होता. त्याला जे सांगायचं होतं ते बरोबर घेऊन गेला होता, आणि ते आता तिला कधीच कळणार नव्हतं.

तिनं हंबरडा फोडला. आषाढातही ती रडली होती, पण ते चार बायका गळ्यात पडल्या म्हणून, रडायचं असतं म्हणून. हे रडणं वेगळं होतं. नाथाजींची बायको पळत आली, तिच्या मागून आणखी दोघीतिघी आल्या.

"काय झालं गं? मनुबाई, आगं काय झालं?"

"आमचं मालक गेलं," मनुबाई म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. वर्षश्राद्धाची तिथी तोंडावर आली होती.  नाथाजींची बायको मनुबाईशेजारी मातीत बसली, तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कवा गं?"

"आत्ता," मनुबाई म्हणाली.